सेल्फ-लॉक पुठ्ठ्याचे ट्रे : आंब्यापासून फराळापर्यंत वापरल्यावरचा अनुभव

मार्चमधे पहिल्या हापूसबरोबर हे ट्रे वापरायला घेतले आणि आता दिवाळीचा फराळपण यातनंच गेला, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबर हीट सगळं बघून झालंय, म्हणून आता सविस्तर लिहितेय. आमचं ऐरोलीत घरगुती काम आहे, सीझनला देवगडचा आंबा येतो, कमी पडला तर वाशीच्या एपीएमसीतनं उचलतो, अढी लावून पिकवायचा आणि ठाणे-नवी मुंबईत घरपोच द्यायचा, मग गणपतीपासून मोदक, करंज्या, चकल्या. ट्रे रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमधे आमच्या मापाची डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा आणि दुमडायच्या रेघा पाडायचा साचा, करून बनवून घेतले.

हे ट्रे सपाट शीट म्हणून येतात. गोंद नाही, पिना नाहीत, टेप नाही. लांब बाजू उभ्या करायच्या, त्यांच्या टोकाच्या पट्ट्या आत वळवायच्या, मग आखूड बाजू उचलून त्या पट्ट्यांवरून आत उलटी दुमडायची, की तिच्या खालच्या दोन जिभा तळाच्या खाचांमधे टक् करून बसतात. बसलं की बसलं, हातात धरून हलवलं तरी सुटत नाही. सकाळी डिलिव्हरीच्या घाईत आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मावशी एकीकडे बोलत बोलत ट्रे करत जातात, त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही, आणि माझ्या मते डिझाइन चांगलं आहे की नाही याची खरी परीक्षा हीच.

ही सहज घडी होते ती आखूड बाजूच्या वरच्या कडेमुळे. तिथे एक नाही, दोन समांतर क्रीज (दुमडायच्या दाबलेल्या रेघा) आहेत, मधे छोटी सपाट जागा. कारण पुठ्ठा 3 मिलिमीटर जाड, तो उलटा दुमडताना आतली बाजू, बाहेरची बाजू आणि मधे अडकलेली लांब बाजूची पट्टी या तिघांच्या जाडीला जागा लागते. पहिल्या सॅम्पलमधे तिथे एकच क्रीज होती तर बाजू फुगायची आणि जीभ खाचेपर्यंत पोचायचीच नाही, जोर लावला की वरचा कागद फाटायचा. युनिटवाल्या काकांनी डाय बदलून आणली आणि आतली बाजूपण पुठ्ठ्याच्या जाडीएवढी कमी केली, तेव्हा कुठे घडी लोण्यासारखी व्हायला लागली. कट आणि क्रीज एकाच फटक्यात मारायची ही पद्धत तशी जुनीच, 1879 साली ब्रुकलिनमधे रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियाणांच्या पिशव्या छापताना घडीची पट्टी वर सरकून कागद कापला गेला आणि त्यातून त्यांना तयार कापलेल्या घडीच्या खोक्याची कल्पना सुचली. आपल्या घडीच्या मिठाईच्या बॉक्समधे तेच तंत्र आहे.

आता मजबुतीचं, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात, किती प्लाय, म्हणजे कागदाचे थर किती? मीपण फाइव्ह प्लायच मागितलं होतं. काका म्हणाले, "ताई, फाइव्ह प्लाय अशी उलटी दुमडणार नाही, कडेला फाटेल. थ्री प्लाय घ्या, मी फ्लूट फिरवून देतो." आणि खरंच सगळं फ्लूटच्या दिशेत आहे. फ्लूट म्हणजे पुठ्ठ्याच्या आत असतो तो नागमोडी कागद, त्याच्या नळ्या उभ्या असल्या तर त्या मांडवाच्या खांबांसारखं वजन घेतात, आडव्या असल्या की दाबल्या जातात. एका शीटच्या ट्रेमधे चारही बाजूंना नळ्या उभ्या मिळूच शकत नाहीत, लांबीच्या दिशेने ठेवल्या तर आखूड बाजूंना उभ्या येतात आणि लांब बाजूंना आडव्या. आमच्या ट्रेत तसंच केलंय, आणि आखूड बाजू दुमडून डबल होते म्हणजे उभ्या नळ्यांच्या दोन भिंती मिळतात. लांब बाजू मुद्दाम थोड्या बुटक्या ठेवल्या, त्या फक्त तळाला झोळ येऊ देत नाहीत, आणि वरून हवा खेळते. आखूड बाजूंना वर दोन कान आहेत ते वरच्या ट्रेच्या तळात अडकतात, त्यामुळे टेम्पोत गाडी स्पीडब्रेकरवर उडाली तरी थप्पी सरकत नाही.

हिशोब सांगते. एक डझन मध्यम हापूस म्हणजे साधारण 3 किलो. 6 ट्रे एकावर एक म्हणजे तळातल्या ट्रेवर 15 किलो. हे आम्ही रात्रभर ठेवलंय, काही झालं नाही, त्याहून उंच मात्र मी जात नाही कारण पुठ्ठा तासाभरात जे वजन आरामात पेलतो त्याच वजनाखाली रात्रभरात हळूहळू बसायला लागतो. सप्लायर लोक बीएफचे (बर्स्ट फॅक्टर) आकडे सांगतात, तो आकडा कागद फुटायला किती दाब लागतो त्याचा आहे. थप्पी किती पेलेल त्याचा जो मॅकी नावाच्या संशोधकाचा 1963 चा फॉर्म्युला आहे त्यात पुठ्ठ्याच्या उभ्या कडेची ताकद, जाडी आणि खोक्याचा घेर येतो, बीएफ येतच नाही. तेव्हा सॅम्पल मागा, आंबे भरा, थप्पी लावा आणि सकाळी कोपरे बघा. वजन सगळ्यात जास्त कोपरेच घेतात, म्हणून हवेची भोकं कोपऱ्यापासून लांब, बाजूच्या मधे आणि उभी लांबट हवीत. पिकणारा आंबा गरम होतो, ओल सोडतो, भोकं नसतील तर खालचे आंबे डागाळतात.

पावसाळ्याबद्दल मात्र कोणी आधी सांगत नाही. ऐरोलीला खाडीची हवा, जुलैत भिंतीला टेकवून ठेवलेल्या शीट्स कमानीसारख्या वाकल्या, खाचा फुगून जिभा जाईनात, आणि तयार झालेला ट्रे हाताला नरम लागायला लागला. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते हे काकांकडून नंतर कळलं. आता गठ्ठा लाकडी फळीवर आडवा, जमिनीपासून उंच, प्लास्टिकमधे बांधलेला आणि वर वजन, लागतील तेवढेच बाहेर काढायचे. त्यानंतर गणपतीच्या मोदकांना त्रास झाला नाही, पण पावसात थप्पी मी 3 च्या वर नेत नाही.

फराळाला त्याच डिझाइनमधे ई फ्लूट, म्हणजे बारीक नळ्यांचा पातळ पुठ्ठा, घेतली, दीड मिलिमीटरची, घडी एकदम धारदार येते आणि दिसायलापण छान. आत बटर पेपर घातला. वर्तमानपत्र अजिबात नाही, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) खाण्याला वर्तमानपत्र लावायला मनाई केलीय आणि शाईचं तेल करंजीला लागतंच. चकली मोडायचं प्रमाण खूप कमी झालं, अनारसे मात्र तरीही तुटले, त्यांना वेगळा कप्पा पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर डायचा खर्च एकदाच पण तो आधी भरावा लागतो, आणि कमीत कमी ऑर्डर एवढी मोठी असते की घरात ठेवायला जागा हवी. साध्या टेपवाल्या बॉक्सपेक्षा नग महाग पडतो, टेप आणि वेळ धरला तर आम्हाला परवडतं. वर्षाला थोड्याच पेट्या विकत असाल तर स्वतःची डाय करू नका, युनिटकडे कोणाच्या तरी मापाची जुनी डाय असते ती विचारा. आणि शीट हातात घेऊन क्रीजवर पूर्ण उलटी दुमडून बघा, बाहेरचा कागद चिरला तर तो कागद घेऊ नका, भाव कितीही चांगला असला तरी.

पुढच्या मार्चसाठी काकांना दोन डझनाचा ट्रे सांगून ठेवलाय, आखूड बाजूला हात घालायची खाच आणि त्या खाचेची पट्टी न कापता आत दुमडलेली, म्हणजे बोटांना कड लागणार नाही. सॅम्पल जानेवारीत येईल.