दहा बाय बाराची खोली, पंधरा पॅनेल: आठ महिने वापरल्यानंतर

खोली पुण्यातल्या साध्या फ्लॅटमधली. लांबी 12 फूट, रुंदी 10 फूट, उंची साडेनऊ फूट. एका बाजूला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, एका कोपऱ्यात दार, वर पंखा. काम म्हणजे गाणं, तबला, पेटी यांचं रेकॉर्डिंग, अधूनमधून व्हॉइसओव्हर, आणि मिक्सिंगही (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं) इथेच. आवाज शोषणारी पॅनेल लागून आठ महिने झाले. कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा खोलीने काढलाय, त्यामुळे आता काय टिकलं आणि काय नाही हे खात्रीने सांगता येतं.

आधी महत्त्वाचं: पैसे जाडीवर खर्च करा. चारही भिंती पातळ फोमने मढवण्यापेक्षा मोजकीच पण चार ते सहा इंच जाडीची पॅनेल कितीतरी जास्त काम करतात. 25 मिमीचा टोकदार फोम साधारण 1000 हर्ट्झच्या वरचा आवाज खातो, खालचा जसाच्या तसा सोडतो. मग टाळी वाजवली की खोली शांत वाटते, पण डग्गा घुमतच राहतो आणि गायकाचा आवाज गोधडीतून आल्यासारखा बंद येतो. अंड्यांच्या ट्रेचंही तेच, त्याहून कमीच. शिवाय साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पटकन पेट घेतो. वायरी आणि ॲडॉप्टरांनी भरलेल्या खोलीत तो भिंतभर लावू नये, हे अगदी कळकळीने सांगतो. रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, जळत नाही.

रिकाम्या खोलीचं गणित करून बघा. घनफळ सुमारे 32 घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून 61 चौरस मीटर, आणि प्लास्टरची भिंत जेमतेम तीन टक्के आवाज शोषते. सेबाइनच्या सूत्राने (0.161 × घनफळ ÷ शोषण) घुमारा (आवाज विरायला लागणारा वेळ) पावणेतीन सेकंदांच्या पुढे जातो. आज मधल्या सुरांच्या पट्ट्यात तो 0.35 सेकंदांच्या आसपास आहे. हे सूत्र लहान खोलीत खालच्या पट्ट्यात लागू पडत नाही, त्याकडे पुढे येतो.

साहित्य: 48 किलो प्रति घनमीटर घनतेचं रॉकवूल, 50 मिमी जाडीचे, 1 मीटर × 600 मिमीचे 39 स्लॅब. एक स्लॅब साधारण दीड किलोचा. बाजूच्या भिंतींवर दोन-दोन पॅनेल आणि छताला दोन, ही सहा 100 मिमीची, म्हणजे दोन थरांची. मागच्या भिंतीवर तीन आणि तीन उभ्या कोपऱ्यांत एकावर एक अशी सहा, ही नऊ 150 मिमीची. चौथ्या कोपऱ्यात दार असल्याने तो मोकळाच राहिला. कोपऱ्यातलं 600 मिमी रुंद पॅनेल तिरकं बसवलं की मागे मधोमध 300 मिमी पोकळी आपोआप मिळते. बाजूची पॅनेल भिंतीपासून 50 मिमी पुढे टांगा. पोकळी फुकट आहे आणि तिच्यामुळे तेच पॅनेल आणखी खालपर्यंत काम करतं.

स्लॅब आधी घरी आणा, टेपने मोजा आणि मगच सुताराला चौकटीचं माप द्या. कागदावर 600 आणि प्रत्यक्षात 590, असं होतं. पाऊण इंची पाइनच्या फळ्या घ्या, आणि चौकटीचं आतलं माप स्लॅबपेक्षा 5 मिमी कमी ठेवा म्हणजे लोकर घट्ट बसते. लोकर आधी पातळ नॉन-वोव्हन कापडात गुंडाळायची (लग्नात वाटतात त्या पिशव्यांचं असतं ते), वरून मांजरपाट किंवा जाडसर सुती. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. वारा सहज पलीकडे गेला तर कापड चालेल. रेक्झिन आणि पडद्याचं अस्तर लावलेलं कापड बाद. कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, एन-95 मास्क आणि चष्मा घाला, आणि काम गच्चीत करा. खाज दोन दिवस जात नाही.

पॅनेल कुठे लावायची हे परदेशी पुस्तकांतून जसंच्या तसं उचलू नका. तिथला माणूस खुर्चीत बसलेला किंवा उभा असतो. आपल्याकडे गायक आणि तबलजी खाली बैठकीत. गायकाचं तोंड जमिनीपासून अडीच फुटांवर, तबल्याची पुडी तर फूटभरच उंचीवर. साडेतीन फुटांवर सुरू होणारं पॅनेल त्यांच्या डोक्यावरून जातं आणि समोरची उघडी भिंत आवाज थेट माइकमध्ये परत फेकते. म्हणून एका बाजूची पॅनेल खुर्चीतल्या कानाच्या हिशोबाने आणि दुसऱ्या बाजूची जमिनीपासून फूटभर वर ठेवून पाहिली. रेकॉर्डिंगला फरक लगेच पडला, पण मिक्सिंगला डावं-उजवं बिघडलं. शेवटी सगळी बाजूची पॅनेल उभी लावली, खालची कड जमिनीपासून 16 इंचांवर. मीटरभर उंचीत खुर्चीतला कान आणि बैठकीतल्या गायकाचं तोंड, दोन्ही बसतं. जागा ठरवायला आरसा वापरा: ऐकण्याच्या जागी बसायचं, दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवायचा, त्यात स्पीकर दिसला की तिथे पॅनेल.

तबल्याखाली नुसती सतरंजी पुरत नाही. जाड गालिचा आणि त्यावर सतरंजी असं केल्यावर चाटीवरच्या (तबल्याच्या कडेवरच्या) बोलांना चिकटणारा करकरीत परतावा गेला. पेटीच्या भात्याचा आणि पट्ट्यांचा खडखडाट मात्र कुठलंही पॅनेल घालवत नाही. खोली जितकी शांत होईल तितका तो जास्तच ऐकू येतो. पेटी दुरुस्तीला द्या.

आता बिघाड. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोपऱ्यातल्या दोन पॅनेलना खाली पोट आलं. 150 मिमीची लोकर स्वतःच्या वजनाने बसते आणि कापड पुढे ढकलते. मागून मध्यावर आडवी पट्टी आणि नायलॉनच्या दोरीची फुली घातल्यावर थांबलं. ते आधीच करावं, नंतर सगळे स्टेपल उपटावे लागतात.

पावसाळ्यात पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलमागे बुरशी धरली. लोकर ठीक होती, बुरशी कापडावर आणि पाइनवर. त्या पॅनेलमागची पोकळी 50 वरून 100 मिमी केली, वर-खाली हवा खेळू दिली आणि एसी रोज तासभर ड्राय मोडवर चालवला, मग पुन्हा दिसली नाही. बारदान वापरायचा मोह होतो, दिसतंही छान, पण ते ओल धरतं आणि वास सोडतं. भिंतीत आधीच ओल असेल तर ती काढल्याशिवाय पॅनेल लावूच नका. याच दिवसांत कंडेन्सर माइकही चरचरतो, कारण त्याच्या कॅप्सूलवर (आवाज टिपणाऱ्या भागावर) ओलावा बसतो. हवाबंद डब्यात निळं सिलिका जेल घालून माइक त्यात ठेवा. जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करून घ्या.

छतातल्या पॅनेलचं वजन प्रत्येकी सहा किलोच्या आसपास. चिकटपट्टी किंवा चिकटणारे हुक नकोतच. छताच्या काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर मारा आणि चार कोपऱ्यांना साखळी लावा. भोक पाडण्याआधी पंख्याच्या डब्यापासून स्विचबोर्डाकडे पाइप कुठून गेलाय याचा अंदाज घ्या, वायर त्यातूनच असते. पंख्याची पाती आणि पॅनेल यांत हातभर अंतर राहिलंच पाहिजे. त्यामुळे आमची छतातली पॅनेल पाहिजे त्या जागेपेक्षा दीड फूट मागे आहेत. ती तडजोड आजही खटकते.

पंख्याचा प्रश्न नुसत्या वाऱ्याच्या आवाजाचा नाही. फिरत्या पात्यांवरून परतणारा आवाज थरथरतो, लांब सुरात ते स्पष्ट कळतं. शिवाय गोल फिरवायचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापतो आणि त्याची भणभण गिटारच्या पिकअपमध्ये येते. खटके बसणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लावल्यावर ती गेली. रेकॉर्डिंगच्या अर्धा तास आधी एसीने खोली गार करायची आणि टेकच्या वेळी सगळं बंद, हीच सवय लावून घ्यावी लागते. विजेचा हमही (सततची गुणगुण) आला होता, 50 आणि 100 हर्ट्झचा. इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर होते. सगळे एकाच चांगल्या अर्थिंगच्या पट्टीवर आणल्यावर तो संपला. अर्थची पिन तोडून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी गाठ आहे.

आणखी एका गोष्टीत लोक नेहमी गल्लत करतात: ही पॅनेल आवाज बाहेर जाणं थांबवत नाहीत. शेजाऱ्याला तबला पूर्वीइतकाच ऐकू येतो. त्यासाठी वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखालची अर्ध्या इंचाची फट धरा: 36 इंच रुंदीला 18 चौरस इंच, म्हणजे सात फुटी दाराच्या क्षेत्रफळाचा पाऊण टक्काही नाही. तरी तेवढ्याने दार कितीही जड असलं तरी 22 डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी आणि खाली दार लावताच उतरणारी सील, एवढ्यावरच मोठा फरक पडला. खिडकीला 19 मिमी प्लायचा काढता-घालता येणारा झाकणासारखा दरवाजा केलाय, कडेने फोमची पट्टी, आत रॉकवूल. वजन 18 किलो, म्हणून दोन्ही बाजूंना हँडल हवेतच. रस्त्यावरचे हॉर्न त्याने दबले. ट्रकची धडधड दबली नाही.

आता खालच्या सुरांचा पट्टा. 12 फुटांचा पहिला अनुनाद (दोन भिंतींमध्ये घुमणारा सूर) 47 हर्ट्झला, 10 फुटांचा 56ला आणि साडेनऊ फुटांचा 59ला. शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांवर बसतात. परिणाम असा की समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या 38 टक्क्यांवर खुर्चीत बसलं की 57च्या आसपास आवाजात खड्डा, आणि तोच सूर वाजत असताना बाजूच्या भिंतीला कान लावला की दणदणीत घुमतो. सहा इंची पॅनेलने 100च्या वरचं पुष्कळ सरळ झालं, पण 57 हर्ट्झच्या तरंगलांबीचा पाव भागच दीड मीटर भरतो, तिथे ती हात टेकतात. इक्वलायझरने खड्डा भरायला जाऊ नका, स्पीकरच ताणला जातो. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि साधा मोजणीचा माइक घेऊन खुर्ची अर्धा-अर्धा फूट पुढे-मागे सरकवून मोजा. आमच्याकडे स्पीकर भिंतीला जवळपास टेकवल्याने आणि खुर्ची सात इंच पुढे घेतल्याने जेवढं सुधारलं, तेवढं तीन पॅनेलनेही सुधारलं नव्हतं. डग्ग्याचं मिक्सिंग अजूनही हेडफोनवर तपासूनच पुढे जातं.

कोपऱ्यातल्या पॅनेलच्या तोंडावर, कापडाच्या आत, साधा खाकी कागद लावला आहे. वरचे सूर त्यावरून परततात, खालचे आत जातात, आणि खोली मेल्यासारखी होत नाही. मागच्या तीन पॅनेलवर लाकडी पट्ट्या मारायचं काम पुढच्या महिन्यात आहे.