कॉट्सवोल्ड्स की सफक?

भाची लंडनला शिकते. हाताशी दोन दिवस आहेत, जुनी चर्च आणि खेडी बघायची आहेत. कुठे जाऊ, असं विचारत होती: लंडनच्या पश्चिमेकडचा डोंगराळ कॉट्सवोल्ड्स भाग की पूर्वेकडची सफक काउंटी? दोन्हीकडची मोठी चर्च मध्ययुगात लोकरीच्या पैशातून उभी राहिली, म्हणून तुलना रास्त आहे.

प्रवासाला कॉट्सवोल्ड्स सोपं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून थेट रेल्वेने तिथलं मोरटन-इन-मार्श साधारण दीड तास. सफकमधल्या लॅव्हनमला रेल्वेच नाही. सडबरीला उतरून बस धरायची, आणि रविवारचं वेळापत्रक आधी बघायचं.

चर्चच्या बाबतीत निवड खरोखर अवघड. कॉट्सवोल्ड्समधल्या फेअरफर्डला २८ खिडक्यांमधली सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची रंगीत काच जवळपास पूर्ण टिकली आहे. तिथल्याच नॉर्थलीचला वाकून बघावं लागतं: व्यापाऱ्यांच्या थडग्यांवर त्यांच्या आकृती कोरलेले पितळी पत्रे आहेत, त्यातल्या एकाचे पाय मेंढी आणि लोकरीच्या गठ्ठ्यावर टेकलेत. पैसा कुठून आला, हे त्याने मेल्यावरही लपवलं नाही! सफकमध्ये लॅव्हनमच्या चर्चचा मनोरा १४१ फुटांचा. पण मला जास्त भावतं सफकमधलंच लाँग मेलफर्डचं चर्च. तिथे बाहेरच्या भिंतीवर गारगोटीच्या नक्षीत देणगीदारांची नावं आहेत, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर असतात तशी.

खेडी? कॉट्सवोल्ड्समधल्या बायबरीची मधाच्या रंगाची दगडी घरं सुंदर, पण उन्हाळ्यात गर्दी फार. लॅव्हनमची कललेली लाकडी घरं निवांत बघता येतात.

गाडी चालवणारं कुणी नसेल, एकच दिवस असेल, तर कॉट्सवोल्ड्स. दोन दिवस रमतगमत फिरायचं असेल तर सफक. भाचीला मी सफकच सांगितलं.