लांब दांड्याचा कचरा-चिमटा: नाशिकच्या जेल रोडवर वापरून पाहिलेला

चिमटा चांगला, तार भिकार. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

वस्तू अशी आहे: कमरेत न वाकता जमिनीवरचा कचरा उचलायचा चिमटा. ॲल्युमिनियमची नळी, मधोमध घडी, वरच्या टोकाला खटक्याची मूठ, खाली दोन जबडे आणि त्यांना आतून रबर. उघडला की ३२ इंच. बिटको चौकाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतला, साडेतीनशेला. दुकानदाराने चारशे सांगितले होते. खोक्यावर एक गोरे आजोबा सोफ्यावर बसून खाली पडलेला टीव्हीचा रिमोट उचलताना दाखवलेत. आमच्या घरात रिमोट खाली पडत नाही, कारण तो हिच्या हातातून सुटतच नाही. पडतं ते सगळं फाटकाबाहेर.

मी नोटांच्या प्रेसमध्ये फिटर होतो. कुठलीही वस्तू घरी आली की आधी तिचे सांधे हलवून बघायचे, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. यात खटका दाबला की आतली तार ओढली जाते आणि जबडे मिटतात. सोडला की स्प्रिंग ते उघडते. इतकी साधी रचना टिकायला हरकत नसावी. पण जबड्यांच्या रिवेटना पहिल्या दिवसापासून प्ले, म्हणजे ढिलेपणा होता, आणि मुठीत तार जिथे वळते तिथे पुली नाही. ती नुसत्या प्लास्टिकच्या कडेवरून घासत जाते. तेव्हाच मी घरात सांगून टाकलं की ही तार पावसाळा बघणार नाही. नाहीच बघितला. तुटल्यावर दुकानात गेलो तर, "काका, असल्या मालाला गॅरंटी नसते." बरं.

सायकलच्या दुकानातून ब्रेकची वायर आणली. तिच्या टोकाची गोळी मुठीतल्या खाचेत बसते, जणू त्यासाठीच केलेली. खालच्या बाजूला छोटा क्लॅम्प लावला. रिवेट काढून ४ मिलिमीटरचे बोल्ट आणि नायलॉक, म्हणजे आपोआप सैल न होणारे नट टाकले. सगळा खर्च शंभरच्या आत. आता चिमटा मूळच्यापेक्षा घट्ट चालतो. ज्याने तो बनवला त्याला हे जमलं नसेल असं नाही, करायचं नव्हतं.

आता तो काय उचलतो ते सांगतो, कारण खोक्यावर रिमोटपुढे काही लिहिलेलं नाही.

चहाचे कागदी कप: उत्तम. कडेला धरले की येतात. मात्र तळाला चहा उरलेला असतो, तो गोणीत सोडताना आपल्याच पायावर. वेफरची पाकिटं: वारा नसेल तर उत्तम, एप्रिल-मेच्या दुपारच्या वाऱ्यात त्यांच्यामागे पळायला हा चिमटा आणि माझे गुडघे दोन्ही कमी पडतात. पाण्याची बाटली पोटाला धरली तर सटकते, मानेला धरायची. शहाळं उचलू नका, नळी घडीच्या जागी वाकते. फुटक्या काचेचे मोठे तुकडे मात्र नीट येतात, आणि निव्वळ त्या एका कामासाठीही मी हे पैसे दिले असते. बारीक काचेला झाडू-सूपली.

सिगारेटची थोटकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकलेली असली की रबर तिथवर पोचत नाही. लोकांना वाटतं तो कापूस आहे, कुजून जाईल. फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, म्हणजे प्लास्टिकच. संक्रांतीनंतर नायलॉनचा मांजा जबड्यांना असा गुंडाळतो की कात्री घेऊनच फिरावं लागतं. त्याच्यावर बंदी आहे, तरी आमच्या गल्लीतल्या गुलमोहरावर तो दर जानेवारीत नवा येतो.

सगळ्यात अवघड गुटख्याच्या पुड्या. कोरड्या असल्या तर येतात. पाऊस पडून एकदा जमिनीला चिकटल्या की जबडे त्यांच्यावरून नुसते घसरतात. मी एका जबड्याच्या टोकाला पत्र्याची पट्टी घासून बसवली आहे, तिने आधी खरवडायचं आणि मग उचलायचं.

गोणीबद्दल दोन शब्द, कारण चिमट्याबरोबर पिशवी येत नाही आणि एका हाताने गोणीचं तोंड उघडं धरणं जमत नाही. माझ्या साडूची निफाडकडे द्राक्षबाग आहे. त्याच्याकडून ठिबकच्या नळीचा तुकडा आणला, त्याचं कडं केलं आणि हिने ते गोणीच्या तोंडाला शिवून दिलं. तोंड कायम उघडं राहतं. चिमटा विकणाऱ्याला हे सुचायला हवं होतं.

एका रविवारी ही गोणी अंगणात उपडी केली आणि मालाचे ढीग लावले. घरात यावर बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही. ढीग मात्र बघण्यासारखे होते. पुड्या सर्वांत जास्त, त्यांच्या पाठोपाठ कप. मग वेफरची आणि बिस्किटांची पाकिटं, थोटकं, पार्सलबरोबर येणारी चटणीची इवलीशी पाकिटं. भाजीची सालं, शिळं अन्न, म्हणजे ज्याला घरचा कचरा म्हणावा असं जेमतेम मूठभर. घरचा कचरा घंटागाडीत जातो. रस्त्यावर पडतो तो रस्त्यावरच विकलेला, बहुतेक शंभर पावलांच्या आत.

आमच्या कॉलनीत या विषयावर तीन पक्ष आहेत. एक म्हणतो घरपट्टी भरतो, मग झाडायचं कुणी? दुसरा म्हणतो लोकांनाच शिस्त नाही, आणि तेवढं म्हणून आत जातो. तिसरा म्हणतो सुरुवात स्वतःपासून करावी. हा पक्ष दोन ऑक्टोबरला हातमोजे घालून फोटो काढतो. मी चिमटा घेऊन दिसायला लागल्यावर तिघांनाही मी आपला वाटलो.

घरपट्टीवाले चुकीचं बोलत नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते झाडणं आणि केर हलवणं हे बंधनकारक कर्तव्यांत आहे, मर्जीच्या कामांत नाही. पण झाडलोट होते सकाळी आणि चहा विकला जातो दिवसभर. दहा वाजता स्वच्छ असलेला कोपरा दुपारी चारला बघा. शिस्तवाल्यांकडेही कायदा आहे: घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कुणीही आपला कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत किंवा गटारात टाकायचा नाही. फक्त तो टाकणारा सापडत नाही. पुडी फोडून तो मोटारसायकलवर बसतो आणि आपण चष्मा पुसेपर्यंत उपनगर नाक्याला पोचतो. त्याची पुडी पावसाबरोबर नाल्यात जाते आणि नाला दसकच्या बाजूला गोदावरीत. सिंहस्थ आला की नदी आठवते सगळ्यांना.

टाकणारा निघून जातो, विकणारा मात्र तिथेच उभा असतो, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. माझं मत ढिगांकडे बघून पक्कं झालं: पहिली जबाबदारी विकणाऱ्याची. हे मी मनानं काढलेलं नाही. त्याच नियमांत फेरीवाल्यांनी आपल्या धंद्यातून होणाऱ्या कचऱ्यासाठी डबा ठेवायचा आणि तो ठरलेल्या ठिकाणी नेऊन टाकायचा, असं लिहिलेलं आहे. हे एक कलम आमच्या जेल रोडवर नुसतं पाळलं गेलं तर माझी गोणी अर्धी रिकामी राहील.

म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे गेलो. भांडायला नाही, चहा प्यायलाच. गोणी बरोबर होती.

"भाऊ, हे तुझं."

"काका, मी विकतो. टाकत नाय."

"कप तुझेच ना? आणि पुड्या तर तू विकतही नाहीस. कायद्याने."

यावर तो हसला, बाकावरची दोन गिऱ्हाइकंही हसली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्यावर कडी म्हणजे २०१६ च्या प्लास्टिकच्या नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरून विकायलाच मनाई केलेली आहे. म्हणजे जी वस्तू असू नये ती, जिच्यात असू नये तिच्यात भरून, आमच्या फाटकासमोर पडते. आणि ती कुणी उचलायची यावर कॉलनीची मीटिंग होते.

टपरीवाल्याने डबा ठेवला. तेलाचा पंधरा किलोचा डबा, वरून कापलेला. पहिला चोरीला गेला, दुसरा साखळीने खांबाला बांधला. सकाळी घंटागाडी आली की तो पोरगा डबा नेऊन रिकामा करतो. कौतुक करायला हवं, करतो. कप आता बऱ्यापैकी डब्यात पडतात. पुड्या नाही. का ते मी बाकावर बसून नीट बघितलं. चहा पिणारा माणूस कप संपेपर्यंत जागेवर उभा असतो, डबा त्याच्या हाताशी असतो. पुडीवाला फोडतो आणि चालायला लागतो. तोंडात टाकेपर्यंत तो डब्यापासून पंधरा पावलं पुढे. डब्याने हा प्रश्न सुटणार नाही, चिमट्याने तर नाहीच. पुड्या जिथे भरल्या जातात तिथेच तो सुटायचा, आणि तिथवर कुठल्याही चिमट्याचा दांडा पोचत नाही. वेफरच्या पाकिटांचंही तेच. त्यात प्लास्टिकचे आणि चमकीचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, भंगारवाला हात लावत नाही. नियमात उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली आहे, पण आमच्या गल्लीत त्यांचं कुणी गोणी घेऊन आलेलं मी पाहिलेलं नाही.

सफाईच्या ताईंनी मात्र मला वेगळंच ऐकवलं. आधी वाटलं खूश होतील. म्हणाल्या, "काका, फाटकासमोरचं उचला, चांगलंय. नाक्यापर्यंत येऊ नका."

"का हो?"

"तुम्ही रोज उचलायला लागले तर मुकादम म्हणेल, इथं बाई कशाला पायजे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. फोटोवाल्या पक्षाने हे ऐकायला हवं होतं. हौसेने उचलणाऱ्या माणसामुळे ज्याचं ते काम आहे त्याची रोजी हलते, आणि ज्याचा तो कचरा आहे तो सुटतो. दुसरं त्यांनी सांगितलं ते बाटल्यांचं: बाटल्या गोणीत कालवू नका, वेगळ्या द्या, त्यांचे पैसे येतात. आता बाटल्यांची पिशवी निराळी. माझी हद्द फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत. खांबाच्या पलीकडे पुडी दिसली की हात शिवशिवतो, पण जात नाही. पलीकडचं टपरीवाल्याला दाखवतो, किंवा दुपारचा फोटो काढून तक्रार टाकतो.

कुणी घ्यावा? कंबर किंवा मान धरलेली असेल, फाटकासमोर स्वतःचा असा दहा-वीस फुटांचा पट्टा असेल आणि हातात पाना-पक्कड धरता येत असेल तर जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन. दुरुस्ती न करता वापरणार असाल तर दोन. संस्थेसाठी एकदम डझनभर मागवायच्या विचारात असाल तर थांबा, आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरींनाही मी तेच सांगितलं: त्या पैशांत कोपऱ्यावरच्या चारही गाड्यांना झाकणाचे डबे आणि साखळ्या येतात, आधी ते करा.

दुकानात घेताना खटका वीस-पंचवीस वेळा दाबून बघा, दुकानदार वैतागला तरी. जबडे समोरासमोर मिटतात का ते एखाद्या नाण्यावर तपासा. आमच्याकडच्या दुसऱ्या नगाचा एक जबडा दोन मिलिमीटर खाली होता, तो परत केला. घडीचा घेऊ नका, घडीच्या जागी नळी डुगडुगते; सरळ मिळाला तर तोच. आणि घरी येताना वाटेत सायकलवाल्याकडून ब्रेकची वायर घेऊनच या.