ध्यानाची बैठक: गोल उशी, चंद्रकोर उशी, बाक की साधी खुर्ची?

ध्यान सोडून दिलेल्यांना कारण विचारलं की बहुतेक जण मनावर खापर फोडतात: चित्त लागत नाही, विचार थांबत नाहीत. थोडं खोदून विचारलं की गुडघ्याचं नाव निघतं. दहाव्या मिनिटाला कंबर वाकते, पंधराव्याला पायाला मुंग्या येतात आणि पुढचा सगळा वेळ घंटा कधी वाजते याची वाट पाहण्यात जातो. योगसूत्रांत आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच आहे: स्थिर आणि सुखकर. गीतेच्या सहाव्या अध्यायात उंचीचीही अट आहे: आसन फार उंच नको, फार सखल नको. बाजारात मिळणाऱ्या बैठका या दोन अटींना किती उतरतात, ते इथे तपासलंय.

आधी बैठकीचं काम काय ते पाहू. खुब्याचे सांधे आणि मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील, तर सपाट जमिनीवर मांडी घालताच श्रोणी, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, मागे कलंडतं. त्याबरोबर कमरेची आतली कमान सपाट होते, पाठीला पोक येतो आणि डोकं पुढे लोंबतं. डोकं सावरून धरायचं काम पाठीच्या स्नायूंवर पडतं आणि ते लवकरच थकतात. शिवाय पोट दाबलं जातं, श्वासपटलाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि श्वास छातीच्या वरच्या भागात, उथळ आणि भराभर चालू राहतो.

साधनेच्या दृष्टीने खरं नुकसान या श्वासाचं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली इटलीतल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता. २३ निरोगी प्रौढांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, हृदयाची गती आणि रक्तदाब यांचे चढउतार त्याच लयीत आले आणि रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढली. परंपरा वेगळ्या, पण श्वासावरचा परिणाम एकच. पोट दुमडून बसलेल्याला हीच लय धरताना श्वास ओढावा लागतो, आणि ओढलेला श्वास शांत करत नाही. म्हणून बैठक निवडताना रंग, कापड, वरचं नक्षीकाम हे सगळं नंतर, आधी उंची.

उंची घरच्या घरी काढता येते, आणि ती काढल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. सात-आठ जाड चादरींच्या घट्ट घड्या करा, एकेक घडी साधारण अडीच सेंटिमीटरची. त्या एकावर एक रचून अगदी पुढच्या कडेवर बसा, म्हणजे बैठकीची दोन टोकदार हाडं घडीवर आणि मांड्या घडीच्या बाहेर. दोन्ही गुडघे खुब्याच्या पातळीखाली येऊन जमिनीला टेकेपर्यंत एकेक घडी वाढवत जा. हात कमरेमागे ठेवून पाहा: तिथे हलकी कमान लागली पाहिजे, आणि ती धरून ठेवायला जोर लागता कामा नये. जमलं असं वाटल्यावर लगेच मोजू नका. वीस मिनिटं बसा, मग दबलेल्या घडीची उंची मोजा. लवचीक खुब्यांना साधारण आठ ते दहा सेंटिमीटर पुरतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना बहुधा बारा ते पंधरा लागतात. वीसच्या पुढे गरज लागत असेल तर मांडीचा हट्ट सोडून बाक किंवा खुर्ची घ्यावी.

जास्त उंचीही तितकीच वाईट, आणि ही चूक जास्त लोक करतात, कारण पहिली दोन मिनिटं ती फार छान वाटते. श्रोणी पुढे झुकते, कमरेची कमान गरजेपेक्षा खोल होते, भार गुडघ्यांवर येतो आणि माणूस उशीवरून हळूहळू पुढे घसरतो. दर पाच मिनिटांनी मागे सरकावं लागत असेल तर उंची कमी करा.

आता प्रत्यक्ष वस्तू. सगळ्यांत जास्त विकली जाते ती जपानी घडणीची गोल उशी, झाफू. व्यास साधारण ३५ सेंटिमीटर, कडेला चुण्यांची पट्टी. घडण उत्तम, पण तिचं सगळं यश भरणात आहे आणि दुकानदार नेमकं त्याबद्दल बोलत नाहीत. कुट्टूच्या (बकव्हीटच्या) दाण्यांच्या टरफलांची उशी आमची पहिली पसंती. टरफलं सरकून हाडांच्या आकाराप्रमाणे बसतात आणि एकदा बसली की हलत नाहीत. मूठ-दोन मूठ काढून किंवा घालून उंची सेंटिमीटरभर कमी-जास्त करता येते. ही सोय दुसऱ्या कुठल्याच भरणात इतकी सहज नाही. तोटे तीन: वजन दोन-तीन किलो, हललं की खसखस आवाज, आणि रोजच्या वापराने टरफलं चुरून उशी खाली बसते, तेव्हा नवी भर घालावी लागते. टरफलं कधीही धुऊ नयेत. ओल राहिली की बुरशी धरते, कीडही लागते. म्हणून बाहेरच्या खोळीला चेन आणि आत टरफलांची वेगळी पिशवी असेल तीच उशी घ्या. शिवून बंद केलेली असेल तर दुकानातच ठेवा.

पांढऱ्या सावरीच्या कापसाची उशी हलकी, आवाज न करणारी आणि सुरुवातीला चांगली टणक असते. महिन्याभरात ती दबते, म्हणून मोजलेल्या उंचीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त घ्यावी. मधोमध खळगा पडला की उशी बाजूने थोपटून फुगवायची, उन्हात ठेवायची. साधा कापूस दबून दगडासारखा होतो, मग पिंजून घेण्याशिवाय इलाज नाही. फोम मात्र टाळावा. तो स्वस्त आणि मऊ असतो, दुकानात दोन मिनिटं बसलं की सुखावतो. पण सतत उसळी देत राहतो, त्यामुळे शरीर सूक्ष्म डोलत राहतं आणि ते सावरायला कमरेचे स्नायू विनाकारण कामाला लागतात. पातळ फोम तर वजनाखाली पार तळाला जातो: लेबलवर पंधरा सेंटिमीटर, बसल्यावर सहा.

चंद्रकोरीच्या आकाराची उशी झाफूपेक्षा उजवी, निदान नवशिक्यांसाठी. पुढची खाच टाचांना जागा देते, त्यामुळे पाय अंगाजवळ येतात. दोन्ही टोकं मांड्यांच्या मुळाशी आधार देतात. गोल उशीची कड मांडीखाली खुपून पाय बधिर होतो, तो त्रास इथे कमी. उणीव एकच: चांगली शिवलेली नसेल तर टोकांमधलं भरण मध्याकडे पळतं आणि काही आठवड्यांत चंद्रकोरीचा नुसता लोळागोळा होतो. विकत घेण्याआधी उशी उभी धरून झटका द्या. टोकं रिकामी पडली तर नको.

कुठलीही उशी घ्या, खाली जाड चौकोनी गादी हवीच. योगाची तीन ते सहा मिलिमीटरची चटई घोट्यांच्या आणि गुडघ्यांच्या हाडांना पुरत नाही. एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली दुमडलेला टॉवेल घाला. लोंबता गुडघा मांडीच्या आतल्या स्नायूंना पूर्ण वेळ ताणत राहतो. आणि पद्मासनाबद्दल स्पष्ट सांगायचं तर, खुबा बाहेरच्या बाजूला पुरेसा वळत नसेल तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं तर पाय त्याच क्षणी सोडावा. तिथली कूर्चा फाटण्याचा धोका असतो, आणि ती सहज भरून येत नाही. पाय एकापुढे एक जमिनीवर ठेवून बसलं तरी ध्यानात काही कमी पडत नाही.

ध्यानाचा लाकडी बाक आखडलेल्या खुब्यांसाठी मोठीच सोय आहे. गुडघे टेकून वज्रासनासारखं बसायचं, पण भार टाचांऐवजी बाकावर. उंची साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर, आणि फळी पुढे किंचित उतरती असली पाहिजे. सपाट फळीचा बाक घेऊ नये, श्रोणी पुन्हा मागे जाते. पायांचा तळ गोलाकार असलेला बाक हवा तसा पुढे-मागे कलतो, पण सुरुवातीला डुगडुगतो. दुमडणाऱ्या पायांचा बाक प्रवासाला चांगला, मात्र बिजागरी सैल आहेत का ते हलवून पाहा. इथला त्रास गुडघ्यांपेक्षा घोट्यांच्या वरच्या बाजूला होतो. तिथे टॉवेलची बारीक सुरळी ठेवली की बहुतेकांचा प्रश्न सुटतो. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाकाच्या नादी लागू नये.

खुर्चीला कमी लेखायची प्रथा आहे, ती सोडावी. आसनाची बैठक टणक, दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली, पाठ टेकवलेली नाही, आणि मागच्या बाजूला पाचेक सेंटिमीटरची पाचरीसारखी उशी: झालं. पावलं अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवा. जमिनीवर ठेवायची पाठ-टेकू खुर्ची मात्र अजिबात आवडली नाही. टेकू मिळाला की माणूस त्यावर रेलतो, बसायचं हाड पुढे सरकतं आणि पोक पुन्हा हजर.

चुंबक, स्फटिक, तांब्याच्या तारा घातलेल्या, चक्रं जागवणाऱ्या उशांना आमच्याकडून शून्य गुण. शिवाय कुठलीही बैठक व्यायामाची जागा घेत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ध्यानाबद्दल सावध भूमिका घेतली: हृदयविकाराचा धोका कमी होण्यात त्याची मदत होऊ शकते, पण नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा निकष प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाचा किमान १५० मिनिटं व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करण्याचा आहे. तासभर ध्यानाला बसणं हेही शेवटी बसणंच. उलट नियमित चालणाऱ्याला आणि खुब्यांचे ताण घेणाऱ्याला बैठक सोपी जाते. पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी छातीकडे ओढणं, दोन्ही बाजूंना ३० ते ६० सेकंद, रोज दोनदा. काही आठवड्यांनी घड्यांची चाचणी पुन्हा करा. एखादी घडी कमी होते. टरफलांची उशी असेल तर तेवढी टरफलं काढून डब्यात ठेवायची.

राहिला पाय बधिर होण्याचा मुद्दा. रक्त थांबलं असं लोक समजतात; बहुतेक वेळा दाब नसेवर असतो, मांडीखाली उशीच्या कडेने किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे नस हाडाला लागून कातडीजवळून जाते. मुंग्या येऊ लागल्या की कडेपासून थोडं सरका, वर ठेवलेला पाय बदला. उठताना आधी पाय लांब करा, बोटं हलवा आणि पावलात पूर्ण जाणीव आल्यावरच उभं राहा. बधिर पाऊल वाकडं पडून घोटा मुरगळतो. थोड्या वेळानेही बधिरपणा जात नसेल किंवा पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल, तर त्या प्रकारे बसणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.