फिलिपचं अंतिओकचं टेट्राड्राख्म: घ्याच, पण कडा बघून

रोमन काळातलं चांदीचं एकच नाणं घ्यायचंय, कुठलं घेऊ असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, रोमन सम्राट पहिल्या फिलिपचं (राज्यकाळ इ.स. २४४ ते २४९) अंतिओकच्या टाकसाळीतलं टेट्राड्राख्म. चार द्राख्मांचं नाणं, आणि अंतिओक म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या.

माझं बाराएक ग्रॅम भरतं, हातात घेतलं की वजन जाणवतं. चेहरा तर काय सुंदर आलाय, बारीक कापलेली दाढी, कपाळावर आठ्या, पुरता टेन्शनमधला माणूस, आणि असणारच ना, गादीवर आल्या आल्या इराणचा राजा शापूर याच्याशी तह करून ५ लाख दिनार मोजावे लागले, शापूरनेच ते इराणमधल्या नक्श-ए-रुस्तमला शिलालेखात कोरून ठेवलंय. मागे गरुड, चोचीत हार, मांडीवरच्या पिसांची रेघ न् रेघ दिसते. खाली एस सी (म्हणजे 'सिनेटच्या ठरावाने') ही लॅटिन अक्षरं, बाकी लेख सगळा ग्रीक. कडेला बारीक तडा आहे आणि शेवटची एकदोन अक्षरं चकतीबाहेर गेलीत पण या नाण्यांत हे चालायचंच, त्याचे मार्क मी कापत नाही.

आता चांदी. आधीच्या सम्राट नीरोच्या वेळी अंतिओकच्या नाण्यांत चांदी भरपूर होती, पुढे तांबं वाढत गेलं आणि फिलिपपर्यंत कस पार उतरला. कसच हवा असेल तर टायर शहराचा शेकेल (तिथलं चांदीचं नाणं) बघा, १४ ग्रॅमच्या आसपास, जवळपास शुद्ध चांदी, जेरुसलेमच्या मंदिराचा कर त्यातच भरायचे. पण बायबलमुळे त्याला जगभर गिऱ्हाईक, किंमत कुठल्या कुठे जाते आणि नकलाही भरपूर.

फिलिपचं बाजारात बऱ्यापैकी मिळतं त्यामुळे घाई अजिबात करू नका, चेहरा आणि गरुड दोन्ही खणखणीत असेल तेच घ्या. विकणाऱ्याकडे वजन विचारा, कडेचा फोटो मागा, साच्यात ओतलेली नक्कल असेल तर कडेला जोडाची रेघ नाहीतर कानस मारल्याच्या खुणा सापडतात. मग आरपीसी ऑनलाइनवर, म्हणजे रोमन प्रांतांतल्या नाण्यांच्या इंटरनेटवरच्या सूचीत, जुळवून बघा, फुकट आहे आणि फोटोंसकट आहे, यासारखी सोय दुसरी नाही. आणि गरुडाच्या खाली 'मोन उर्ब' (रोम शहराची टाकसाळ) अशी लॅटिन अक्षरं दिसली तर सोडूच नका, ती नाणी रोममध्येच पाडून सिरियाला पाठवली असं मानतात, आणि त्यांचं कोरीवकाम खरंच वेगळं आहे.