गावच्या विहिरीवर आरओ बसवायचा का फिल्टर-क्लोरिन? दोन्ही वापरून झाल्यावर सांगतोय

माढ्याकडच्या आमच्या पाहुण्यांचा मागं फोन आला होता. त्यांच्या ग्रामपंचायतीत सध्या एकच वाद चाललाय. पिण्याच्या पाण्याची जी गावविहीर आहे तिच्यासाठी एक कंपनी सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकामाच्या पैशातून) आरओ प्लांट द्यायला तयार आहे, पैसे भरलेलं कार्ड लावलं की पाणी देणारा एटीएमवाला, शेडसकट, आणि निम्म्या सदस्यांचं म्हणणं की फुकट मिळतंय तर घेऊन टाका. बाकीचे म्हणतात वित्त आयोगाच्या पैशातून विहिरीच्या मोटरखोलीतच प्रेशर फिल्टर आणि क्लोरिनचा डोसिंग पंप (पाण्यात मोजून क्लोरिन सोडणारा) बसवू. मी गावच्या पाणीपुरवठा समितीत आहे आणि आमच्याकडं हे दोन्ही झालंय, आधी आरओ २०१९ ला, मग फिल्टर-डोसिंग, म्हणून त्यांना फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय. आमचं गाव मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला, त्यामुळं माझं मत आमच्या पाण्यापुरतंच धरा, तुमच्याकडचं पाणी वेगळं असू शकतं.

आणि म्हणूनच सगळ्यात आधी रिपोर्ट. हे सगळ्यांना माहीत असतं पण रिपोर्ट फायलीत लावला जातो, वाचत कुणीच नाही. भूजल विभागाच्या लॅबमधून आमच्या विहिरीचा रिपोर्ट आला तेव्हा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११५० च्या आसपास, कठीणपणा ४८० आणि नायट्रेट ३१, सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० नावाचं मानक आहे, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो, कठीणपणा तसाच २०० आणि ६००, पण नायट्रेटला ४५ च्या वर अजिबात सूट नाही. म्हणजे आमचं पाणी जड होतं पण हद्दीत होतं. घाण निघाली ती दुसरीकडं. शाळेतल्या नळाचं पाणी त्या जंतू असले की काळी पडणाऱ्या एच-टू-एसच्या बारक्या बाटलीत खुणेपर्यंत भरून बाईंनी कपाटावर ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अख्खी बाटली काळीकुट्ट. शाईसारखी. त्याच नळाला तोंड लावून पोरं मधल्या सुट्टीत पाणी पितात. आणि हे आरओ गावात असताना बरं का, कारण आरओचं पाणी जारमध्ये घरी जातं, नळाला येत नाही.

आता आरओबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. चहा चांगला होतो, तुरीची डाळ दोन शिट्ट्या कमी घेते, माठात पांढरा थर बसत नाही. मुतखड्याच्या भीतीनं आमच्याकडं सगळ्यांना आरओ पाहिजे होता, तेव्हा मीही त्याच बाजूनं होतो, नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेनंसुद्धा कठीणपणासाठी आरोग्याची म्हणून अशी काही मर्यादा घातलेली नाही, तो चवीचा आणि भांड्यांचा विषय जास्त. पण नायट्रेट किंवा फ्लोराईड हद्दीबाहेर असेल तर मग विषय वेगळा, क्लोरिननं त्यातलं काहीही निघत नाही, आणि पाणी उकळलं तर नायट्रेट उलट घट्ट होतं. ऊसपट्ट्यात युरिया खाली झिरपून कितीतरी विहिरींचं नायट्रेट वाढलेलं असतं आणि बाटलीवरच्या तान्ह्या लेकरांना ते पाणी धोक्याचं. तुमचा आकडा ६० असेल तर आरओला नाही म्हणू नका, किंवा जवळ २० वाला दुसरा स्रोत असेल तर टाकीत निम्मं निम्मं मिसळा, ४० वर येतं, तेही चालतं आणि स्वस्तात होतं.

मग आमचं मन आरओवरून उडालं कशानं, तर त्या मागच्या पाईपानं.

प्लांटच्या शेडमागं एक इंचभर जाडीचा पाईप असतो, त्यातनं टाकाऊ पाणी गटारीत जातं. पहिली चार-पाच वर्षं त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, पाऊसपाणी बरं होतं. २०२४ चा उन्हाळा आठवा, उजनी धरण किती खोल मायनसमध्ये गेलं होतं. आमच्या विहिरीचे झरे एवढे बारीक झाले की रात्रभर पाझरून सकाळी मोटर पाऊण तास चालायची आणि मग हवा ओढायची. नळाला चार दिवसाआड पाणी, तेही वीस मिनिटं. आणि त्याच विहिरीचं पाणी टाकीतनं आरओला जात होतं. एक दिवस मी घरनं दोन सारख्या बादल्या घेऊन गेलो, पंधरा-पंधरा लिटरच्या, एक चांगल्या पाण्याच्या नळाखाली लावली आणि एक मागच्या पाईपाखाली. चांगली बादली काठाला येईपर्यंत मागची भरून सांडून परत निम्म्याच्या वर भरेल एवढं पाणी गेलं होतं. म्हणजे दोन हिश्श्याला तीन हिस्से गटारीत. ऑपरेटर म्हणाला मेम्ब्रेन (आरओतली क्षार गाळणारी जाळी) जुनी झालीय म्हणून जास्त जातंय, नवीन असताना अर्धं-अर्धं असतंय. असेलही. पण अर्धं तरी का घालवायचं हो. पुढच्या बाजूला जारची रांग, मागच्या बाजूला चार-पाच बायका भांडी घासायला तेच टाकाऊ पाणी घागरीत धरायला बसलेल्या, आणि त्यातल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "आवो, ह्ये बी आपल्याच हिरीतलं पाणी हाय न्हवं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या पाईपाखालच्या फरशीवर मिठासारखा पांढरा थर जमला होता, नखानं खरवडला तर पापुद्रा निघायचा. ते बघितल्यापासून आरओचा विषय निघाला की मला तो पापुद्राच दिसतो.

मशीनच्या बाकीच्या कटकटी असतातच, त्या मी फार धरत नाही. मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, अँटीस्केलंट (थर न धरू देणारं औषध) संपलं की लगेच थर धरतं, माणूस पुण्यावरनं येतो आणि तो येईपर्यंत शेडला कुलूप. देणाऱ्या संस्थेनं पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स दिला होता, पुढं लाईट बिलापासून सगळं ग्रामपंचायतीवर आलं. कार्डाच्या पैशात ते भागत नाही, निदान आमचं भागलं नाही. फुकट मिळणाऱ्या प्लांटचा करार वाचताना दुसऱ्या वर्षाचा कागद मागा एवढंच म्हणेन.

दुसरा पर्याय दिसायला काहीच नाही. मोटरखोलीत एक निळी उभी टाकी, आत वाळू आणि खडी, वर दोन प्रेशर गेज, शेजारी हायपोचा (पातळ क्लोरिनचा) कॅन आणि भिंतीला चपलेच्या खोक्याएवढा डोसिंग पंप. उद्घाटनाला फोटो चांगला येत नाही, त्यामुळं सदस्यांना पटवायला वेळ लागतो हे खरंय. पण गावात जाणारं सगळंच पाणी यातनं जातं, नळाचं, शाळेचं, दवाखान्याचं, आणि आमच्यासारखं जिथं पाणी दिवसाआड येतं तिथं हेच महत्त्वाचं, कारण पाणी बंद झालं की रिकामी पाईपलाईन फुटक्या जागेतनं गटारीचं पाणी आत ओढते, विहिरीवर कितीही शुद्ध केलं तरी वाटेत ते घाण होणार. पाण्यात थोडं क्लोरिन शिल्लक असेल तरच वाटेतली घाण मरते, शेवटच्या नळाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे. यूव्हीवाले (किरणांनी जंतू मारणारे) पण आमच्याकडं येऊन गेले, त्यांचं मशीन चांगलं असेल पण पाण्यात पुढं काहीच शिल्लक राहत नाही म्हणून आम्ही तो विचार सोडला.

आधी आमच्याकडं टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर होतीच की. हजार लिटरला पाच ग्रॅम, आमच्या पन्नास हजारच्या टाकीला अडीचशे ग्रॅम, एवढं सोपं. पण जलसुरक्षक (पाण्यात क्लोरिन टाकणारा गावचा माणूस) सुट्टीवर गेला की राहून जायचं, कधी दुप्पट पडायचं आणि लोक वासानं ओरडायचे, आणि पोतं उघडं राहिलं की पावडरीतला दम जातो, नुसता चुना टाकल्यासारखं. तीच पावडर डोसिंग पंपाला लावायला जाऊ नका, चुन्याचा गाळ नोझलमध्ये बसतो आणि पंप दोन दिवसात चोक होतो. पंपाला हायपोच पाहिजे. हायपोची अडचण एकच, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात तो टिकत नाही, ४२-४३ डिग्रीत कॅन ठेवला तर महिन्यात पाणी होतंय, म्हणून आम्ही पंधरा दिवसाचाच आणतो आणि ओलं पोतं टाकून सावलीत ठेवतो. मिठापासून जागेवरच क्लोरिन करणारं इलेक्ट्रोक्लोरिनेटर पण आहे, वाहतुकीचा त्रास वाचतो, पण आपलं पाणी जड असल्यानं त्याच्या प्लेटांवर थर बसतो आणि ॲसिडनं धुवाव्या लागतात, कोण धुणार हे ठरलेलं असेल तर जरूर घ्या.

हे काम पंधराव्या वित्त आयोगात बसलं. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांच्या त्या निधीत ६० टक्के पैसा बंधित होता, निम्मा स्वच्छतेला निम्मा पाण्याला, त्यामुळं पाण्याचा पैसा दुसरीकडं वळवायचा प्रश्नच आला नाही. ग्रामसभेचा ठराव, विकास आराखड्यात नाव, ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाकडनं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग पुढचं टेंडर, एमबी (कामाची मोजमाप वही), बिल. आराखड्यात नाव नसेल तर पोर्टलवर कामच दिसत नाही आणि वर्ष वाया जातं, एवढी एक गोष्ट सरपंचांच्या कानावर घाला. आमच्या अंदाजपत्रकात सुरुवातीला डोस थेट विहिरीत सोडायचं धरलं होतं, ते आम्ही बदलून घेतलं, फिल्टरच्या पुढं रायझिंग मेनवर (मोटरीपासून टाकीत चढणाऱ्या पाईपावर) घेतलं म्हणजे टाकीत जाऊन अर्धा तास मुरतं. बायपास व्हॉल्व्ह, नमुना घ्यायला एक बारका नळ आणि दोन जादा नोझल पण लिहून घेतले. रुपयांचं म्हणाल तर आरओची शेडसकट जी किंमत बोर्डावर लिहिली होती त्याच्या साधारण निम्म्यात आमचं सगळं झालं, तुमच्या विहिरीच्या मोटरप्रमाणं कमीजास्त होईल.

हेही बिनत्रासाचं नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की फिल्टर रोज उलटा धुवावा लागतो, दोन गेजमधला फरक वाढला की कळतं, दहा मिनिटं पाणी बाहेर जातंच. चव बदलत नाही, डाळीला तेवढ्याच शिट्ट्या लागतात, आणि पहिले पंधरा दिवस वासाच्या तक्रारी आल्या. आमच्या घरातनंच पहिली आली.

पण २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता तेव्हाचा, त्यात आमची विहीर आणि मोटरखोली दोन्ही पाण्याखाली गेली. आदल्या रात्री पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या जलसुरक्षकानं दोन नट खोलून डोसिंग पंप काढला, पिशवीत घातला आणि गाडीवरनं घरी नेला. पूर ओसरल्यावर विहिरीतला गाळ उपसला, आरोग्य विभागाच्या माणसांनी सांगितल्याप्रमाणं विहिरीत जोरात टीसीएल मारून पाणी परत उपसून टाकलं, फिल्टरची वाळू बदलली, पंप परत भिंतीला लावला. लाईट आल्यापासून पाचव्या दिवशी शाळेच्या नळाला ओटी टेस्टला पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरिन तिथपर्यंत पोचलं. आरओची शेड उंचावर होती, तिला पाणी लागलंसुद्धा नाही, पण गढूळ पाण्यानं त्याच्या कार्ट्रिज रोज भरायला लागल्या आणि मग मेम्ब्रेन बसली, माणूस यायला तीन आठवडे लागले. पुरानंतर गावात जुलाबाची साथ येईल म्हणून आम्ही सगळे धास्तावलो होतो, ती आली नाही. ते फक्त क्लोरिननं झालं असं मी म्हणणार नाही, टँकरही होते, आशाताई घरोघर मेडिक्लोर (घरच्या पाण्यात टाकायचे क्लोरिनचे थेंब) वाटत होत्या. पण आरोग्य खात्याच्या सर्वेक्षणात आधी पिवळं कार्ड, म्हणजे पाण्याला मध्यम धोका, मिळायचं ते आता हिरवं, कमी धोक्याचं मिळालंय.

आरओ आम्ही काढला नाही. सकाळी दोन तास चालतो, ज्यांना चहाला पाहिजे ते नेतात, आणि मागचा पाईप आता गटारीत न सोडता शाळेच्या संडासात वापरायच्या पाण्याच्या टाकीला जोडलाय. एप्रिल-मेमध्ये मात्र बंद ठेवतो.

पाहुण्यांना मी शेवटी एवढंच म्हणालो की नायट्रेटचा आकडा ४५ च्या आत असेल तर माझा हात फिल्टर-डोसिंगसाठी वर जाईल, तरी तुमची ग्रामसभा आहे, तुम्ही ठरवा. फक्त सभेच्या आधी शेजारच्या कुठल्यातरी गावातल्या चालू आरओवर दोन सारख्या बादल्या घेऊन जा, आणि मे महिन्यात जा.