उंदराची अँटिबॉडी की सशाची? मेंदू आणि मूत्रपिंडाच्या सेक्शनसाठी

आजारी उंदरांचे मेंदू किंवा मूत्रपिंडं कापून स्टेनिंग करायला बसलात की प्रायमरी, म्हणजे हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी, मागवताना ती उंदरात बनवलेली घ्यावी की सशात, हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरल्या आहेत. सध्या माझ्या फ्रीजमध्ये सशाच्या बाटल्या जास्त आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

उंदराच्या मोनोक्लोनलची (म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून, क्लोनमधून, आलेल्या आणि प्रथिनाच्या एकाच जागी चिकटणाऱ्या अँटिबॉडीची) बाजू काही कच्ची नाही. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५मध्ये असे क्लोन बनवण्याचं हायब्रिडोमाचं तंत्र दिलं आणि तेव्हापासून या क्लोनांचा मोठाच साठा जमलाय. न्यूएनसाठी (न्यूरॉनच्या केंद्रकातल्या प्रथिनासाठी) ए६०, अमायलॉइडसाठी ६ई१० ही नावं मेंदूवाल्यांना तोंडपाठ असतात. जुन्या पेपरांतल्या चित्रांशी आपली स्लाइड ताडून बघता येते, ही सोय लहान नाही. माणसाच्या बायोप्सीवर काम असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, खुशाल उंदराची घ्या.

सशाची पॉलीक्लोनल एकाच प्रथिनाला अनेक जागी चिकटते, त्यामुळे फॉर्मलिनने एखादी जागा बिघडली तरी बाकीच्या निभावून नेतात. मायक्रोग्लियासाठी (मेंदूतल्या संरक्षक पेशींसाठी) आयबा१ किंवा पोडोसाइटसाठी (मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशींसाठी) पोडोसिन बहुतेक जण सशाचंच वापरतात. पॉलीक्लोनलची खोड म्हणजे लॉट, दर खेपेचा माल वेगळा. १:५०० ला सुरेख चालणारी माझी पोडोसिनची बाटली संपली आणि नव्या लॉटमध्ये १:२०० लाही पोडोसाइट फिकेच. दोन आठवडे पुन्हा टायट्रेशन, म्हणजे किती पातळ करायची ते शोधणं.

तरीही मी सशाकडे वळलो, ते एका मूत्रपिंडामुळे.

एमआरएल/एलपीआर उंदीर होते, म्हणजे ल्यूपससारखा आजार आपोआप होणारे. पोडोसाइटमधलं सिनॅप्टोपोडिन हे प्रथिन उंदराच्या मोनोक्लोनलने रंगवत होतो. आजारी गटात ग्लोमेरुलस (मूत्रपिंडातल्या गाळण्या) असे लख्ख उजळले की एक्सपोजर कमी करावं लागलं. आता पोडोसाइट दुखावले की सिनॅप्टोपोडिन सहसा घटतं, माझं मात्र वाढलेलं! शंका तेव्हाच यायला हवी होती, पण मी उलट खूश होऊन मोजणी सुरू केली. फक्त सेकंडरी (प्रायमरीला धरणारी, रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी) लावलेली स्लाइड मी दर वेळी ठेवायचो, पण ती निरोगी उंदराची, आणि ती कायम काळीकुट्ट. एकदा निरोगी सेक्शन संपले म्हणून आजारी उंदराचा घेतला. प्रायमरीचा थेंबही न पडलेल्या त्या सेक्शनमध्ये प्रत्येक ग्लोमेरुलस तसाच उजळलेला. ल्यूपसमध्ये उंदराची स्वतःची आयजीजी, म्हणजे त्याच्या रक्तातली अँटिबॉडी, तिथे साचलेली असते आणि अँटी-माउस सेकंडरीला तुमची कुठली, त्याची कुठली, हे कळत नाही. तीन आठवडे मी सिनॅप्टोपोडिन म्हणून तो साठाच मोजत होतो.

मेंदूत हा त्रास कमी, पण नेमका नको तिथे. निरोगी आणि नीट परफ्यूज केलेल्या मेंदूत आयजीजी फारशी नसते. ईएई (मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मेंदूचा दाह) झालेल्या उंदरात मात्र रक्त-मेंदू अडथळा गळतो आणि रक्तवाहिन्यांभोवती, म्हणजे तुम्हाला जो भाग बघायचाय तिथेच, बॅकग्राउंड चढतं.

उपाय आहेत, नाही असं नाही. फॅब, म्हणजे अँटिबॉडीच्या तुकड्यांनी, उंदराची स्वतःची आयजीजी आधीच झाकून ब्लॉकिंग करता येतं. निरोगी मेंदूत ते छान चालतं. साठ्याने भरलेल्या ग्लोमेरुलसमध्ये बॅकग्राउंड पूर्ण काळं झालेलं मी तरी पाहिलं नाही, कदाचित तुमचा हात माझ्यापेक्षा बरा असेल. प्रायमरीलाच थेट रंग जोडला तर सेकंडरीची कटकट जाते, पण सिग्नलही उतरतो.

म्हणून जिथे मिळेल तिथे मी सशाची रिकॉम्बिनंट (जनुकावरून प्रयोगशाळेत बनवलेली) मोनोक्लोनल घेतो. तिचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे लॉटची भानगड जवळपास मिटते. महाग पडते, आणि प्रत्येक प्रथिनासाठी मिळतेच असं नाही. नॉकआउट ऊतीवर (जिच्यात ते प्रथिनच नाही अशा ऊतीवर) तपासलेली मिळाली तर मग मी फार घासाघीस करत नाही.

एका मॉडेलमध्ये मात्र हा सल्ला उलटा पडतो. नेफ्रोटॉक्सिक सीरम (मूत्रपिंडाविरुद्धच्या अँटिबॉडी असलेलं दुसऱ्या प्राण्याचं सीरम) देऊन मूत्रपिंडाचा दाह घडवत असाल तर ते सीरम कुणाचं, हे आधी विचारा. मेंढीचंही मिळतं आणि सशाचंही. सशाचं असेल तर सशाची आयजीजी ग्लोमेरुलसमध्ये तुम्हीच नेऊन ठेवलेली असते, आणि अँटी-रॅबिट सेकंडरी तिलाच धरते. शिवाय उंदीर त्या परक्या सीरमविरुद्ध स्वतःची आयजीजी बनवतो, तीही तिथेच जाऊन बसते, म्हणजे उंदराची प्रायमरीही बाद. अशा वेळी मी बकरीची शोधतो.

ए६० मी अजून टाकलेली नाही. आयबा१ सशाचं असलं की न्यूरॉनसाठी दुसऱ्या प्राण्याची प्रायमरी लागतेच, आणि निरोगी मेंदूत तिच्याइतकं स्वच्छ केंद्रक मला दुसऱ्या कशाने मिळालेलं नाही.